डोंगरावरचा बर्फ, पंपावरचा बर्फ

ओमानमधल्या जबल शम्सच्या डोंगरावर बर्फ पडल्याचं कळलं आणि किनाऱ्यावरच्या सहम गावाहून आम्ही दोघे शहाणे मासळीचा आइसबॉक्स घेऊन निघालो. गाडी रत्नागिरीकर शेजाऱ्याची. बर्फात गाडी कशी चालवायची याचे व्हिडिओ त्याने पाठ केले होते. वर रस्ता कोरडा ठणठणीत, बर्फ फक्त कडेच्या दगडांआड. तरी पठ्ठ्या पहिल्या गिअरवरच, आणि मागे ओमानी गाड्यांचे हॉर्न.

बर्फ खरवडून बॉक्स भरला. तो वितळू नये म्हणून खाली पेट्रोल पंपावरून कारखान्यातल्या बर्फाची पिशवी घेऊन त्यात ठेवली. घरी झाकण उघडलं तर पिशवी शाबूत होती आणि डोंगरावरच्या बर्फाचं पाणी झालं होतं. आम्ही गुपचूप पिशवी फोडून तो बर्फ बॉक्समध्ये ओतला. घरच्या सगळ्यांनी डोंगरावरचा बर्फ म्हणून त्याचे फोटो काढले.

"बाबा, या बर्फाला मधे भोक कसं?" एवढं फक्त माझ्या मुलीने विचारलं.

"थंडीने पडतं," आमचे बर्फतज्ज्ञ शेजारी म्हणाले, आणि मी मान डोलावली.