तेजाबातली शिवण

जाहेदाबी आमच्या कारखान्यात नोकरीला नव्हती, पण तिच्या शिलाईवाचून आमचं पान हलत नसे. रंगाचा गाळ दाबून त्यातलं पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टर प्रेसला प्लॅस्टिकच्या धाग्याची जाड कापडं लागतात. ती जाहेदा नंदुरबारात घरी बसून शिवून द्यायची. तिचा नवरा मेहबूब कारखान्यातल्या या प्रेसांवर कामाला होता. मी प्रयोगशाळेत; एम.एस्सी. झालेली, त्यामुळे मला सगळं कळतं असा माझा समज.

गेल्या वर्षी शिवणीच्या सुईभोकांतून रंग गळायला लागला. साहेबांनी बाहेरून माणसं बोलावली, त्यांना चहा पाजला, गळती होती तिथेच राहिली. मग जाहेदाची नवी कापडं आली आणि थेंबसुद्धा गळेना. तिचे वडील पाण्याच्या कातडी पखाली शिवायचे. सुती दोरा भिजला की फुगतो आणि स्वतःचं भोक स्वतःच बुजवतो, हे तिनं लहानपणी पाहिलं होतं. कारखान्यानं दिलेला प्लॅस्टिकचा दोरा बाजूला ठेवून तिनं गुपचूप सूत वापरलं. बाटलीतलं नितळ पाणी पाहून मी नाचायचीच बाकी होते. "हीच कापडं तेजाबाच्या प्रेसला लावा," असं साहेबांना मीच सांगितलं; त्या प्रेसमध्ये पाण्याऐवजी गरम ॲसिड असतं. दोरा कसला, हे विचारायची अक्कल मला झाली नाही.

त्या दिवशी सकाळी मेहबूबनं तिला निघता निघता सांगितलं, की आज तुझी कापडं तेजाबाच्या प्रेसला लागणार. तीही खूश झाली. मग त्याचा कामाचा जुना सदरा तिनं सांधायला घेतला. तेजाबाचे शिंतोडे उडून सुती कापडाची चाळण झाली होती. पण मागे तिनंच कारखान्याच्या प्लॅस्टिकच्या दोऱ्यानं घातलेले टाके मात्र जसेच्या तसे लोंबत होते. ते चाचपता चाचपता तिच्या लक्षात आलं, की तेजाब सूत खातं आणि प्रेसची कापडं तिनं सुतानंच शिवली आहेत.

तिनं फोन लावला. आमचे फोन गेटवरच्या कपाटात असतात, आत न्यायला बंदी. ती तशीच अनवाणी रिक्षात बसली. वाळत घातलेल्या मिरच्यांच्या पथाऱ्या मागे पडत होत्या आणि रस्ताभर तिला मेहबूबचे डोळे दिसत होते, असं तिनं मला नंतर सांगितलं.

मी योगायोगानं गेटजवळच होते. वॉचमनच्या हाताखालून निसटून तिनं माझा दंड धरला.

"संध्याताई, पंप बंद करा! मी सुती दोराघाई शिवेल शे. तेजाबमा सूत टिकत नही. मन्हा मानूस मझार शे!"

मेहबूब आत प्रेसवरच होता. शिवण सुटली की कापड सरकतं, प्लेटांमध्ये फट पडते आणि गरम तेजाब पिचकारीसारखं बाहेर येतं. मी पळत सुटले. इतकी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती. आत पंप धडधडत होता, दाबाचा काटा चढत होता. दाब चढताना जाड पडद्यामागे उभं राहायचं, असा नियम आहे. मेहबूब पडद्याबाहेर, प्लेटांच्या अगदी जवळ उभा होता, आणि संरक्षक चष्मा कपाळावर. मी ओरडले, त्याला ऐकू गेलं नाही. मी लाल बटणावर हात मारला.

दाब उतरल्यावर प्लेटा उघडल्या. हातमोजा घालून मी शिवणीला नुसतं बोट लावलं, तर दोरा ओल्या शेवयांसारखा तुटून आला. दोन ठिकाणी शिवण आधीच उसवली होती.

"चूक मन्ही शे, काम काढी ल्या," जाहेदा म्हणाली. ती माझ्या मागोमाग आत आली होती. तिचा आवाज कोरडा होता.

"आधी माझी," मी म्हटलं आणि भीतीचा सगळा राग मेहबूबवर काढला. "पडद्याबाहेर का उभे होतात? जीव जास्त झाला होता का?"

तो गोंधळून आमच्याकडे पाहत राहिला. "ताई, दुसरानं शिवेल ऱ्हातं ते मी पडदामांगेच उभा ऱ्हातू. हाई ते तिन्हं शिवेल व्हतं ना."

जाहेदा मटकन फरशीवर बसली आणि तेव्हा पहिल्यांदा रडली.