उपासाला न चालणारा बटाटा

अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या आमच्या मराठी मंडळात इंग्लिश जेवणाबद्दल दोन मतं होती. प्रोजेक्टसाठी इंग्लंडात राहून आलेले म्हणत, तिथलं काही तोंडात घालण्यासारखं नसतं. तिथे कधीच न गेलेले हेच जास्त ठामपणे सांगत. म्हणणारे कोण, तर पॅनकेकच्या पिठाचे गुलाबजाम आणि सावर क्रीमचं श्रीखंड अस्सल म्हणून वाढणारे आम्ही लोक. माझी त्या गुलाबजामांबद्दल तक्रार नाही. 'अस्सल'बद्दल आहे.

२००५च्या सुमाराची महाशिवरात्र. मंडळाच्या फराळाचं काम माझ्याकडे होतं. माझ्या ऑफिसात गाड्यांच्या ब्रेकवर काम करणारा एक इंग्रज होता, यॉर्कशायरचा, एकटा राहणारा. त्याला मी बोलावलं. रिकाम्या हाताने येणं त्याला पटेना. काय चालेल, असं त्याने विचारलं. मी सांगितलं, बटाटा, लोणी, मीठ. त्याचा चेहरा उजळला. "हे तर माझ्या आईचं शनिवारचं जेवण!" त्याच्या ओव्हनमध्ये मांसही भाजलं जायचं, त्यावरून कुणी शंका काढू नये म्हणून त्याने बटाटे माझ्याच घरी येऊन भाजले. सालासकट, साल कुरकुरीत होईपर्यंत. वर चीर देऊन त्यात लोणी.

हॉलमध्ये मंडळाच्या अध्यक्षांनी, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या काकांनी, तो ट्रे पाहिला आणि उचलून मुलांच्या पिझ्झाच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"काका, तो फराळाचा आहे."

"हे उपासाला चालत नाही."

"बटाटा आहे आणि लोणी. यातलं काय चालत नाही?"

"अगं, इंग्लिश डिश आहे ती!"

"आणि बटाट्याची भाजी?"

"ती आपली."

पाहुणा कोट हातात घेऊन तिथेच उभा. त्याला मराठी येत नव्हतं, पण आपला ट्रे कुठून कुठे गेला हे कळायला भाषा लागत नाही. त्याने हळूच मला विचारलं, "मीठ जास्त झालं का?"

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी ट्रे परत आणला आणि साबुदाण्याच्या खिचडीला खेटून ठेवला. म्हटलं, "काका, या खिचडीतले दाणे, मिरची, बटाटा, साबुदाण्याचा कंदसुद्धा, सगळं मूळचं इकडच्या खंडांतलं. समुद्र ओलांडून आपल्याकडे गेलं आणि सोवळं झालं. मग या बटाट्यालाच व्हिसा कसला विचारता?"

"मग मी इथे जेवणार नाही."

"तुमचा उपास आहे. जेवायचं नाहीच आहे."

कुणीतरी खोकल्यात हसू लपवलं. काका निघून गेले. दोघातिघांनी बटाटे घेतले. बाकीच्यांनी दाराकडे पाहत खिचडीच वाढून घेतली. पाहुण्याला मी म्हटलं, मीठ बरोबर आहे, बस आणि खा.

त्या आठवड्यात कमिटीतल्या एकीचा फोन आला. "सॉरी म्हण ना यार, विषय संपेल. नाहीतर आषाढीचा फराळ दुसऱ्या कुणाकडे देणार आहेत."

"देऊ देत," मी म्हटलं.

आषाढी एकादशीला मी माझ्याच घरी फराळ ठेवला. ओव्हन त्या इंग्रजाच्या ताब्यात दिला. येणाऱ्या प्रत्येकाला दारातच सांगत होते, "बटाटे इंग्लिश आहेत. चालत असतील तरच आत या."