बाबांची गाडी भंगारात गेली आणि सावंतकाकांची दुपारही

मंडळी, बाबा गेल्यापासून बंद पडलेली त्यांची गाडी आज भंगारात दिली. सौदा फोनवरच ठरला होता. माणूस रोख पैसे घेऊन टोइंगच्या गाडीसकट भांडुपला आमच्या सोसायटीत आला.

त्याने दार उघडलं तर मागच्या सीटवर उशी, चष्मा आणि पाण्याची बाटली. मी चक्रावलो. तेवढ्यात शेजारचे सावंतकाका खाली आले आणि ओशाळून सामान गोळा करू लागले.

"तुझ्या बाबांनीच मला एक चावी दिली होती रे. तुम्ही ऑफिसला गेलात की दुपारी इथे येऊन बसतो. आमच्या वन रूम किचनमध्ये सहा माणसं. इथे जरा शांत वाटतं."

सोसायटीला पार्किंगची जागा हवी होती, पैसेही घेऊन झाले होते. गाडी गेली.

मी म्हटलं, "काका, आमचं घर दिवसभर रिकामंच असतं. तिथे बसा ना."

"नको रे. तुमच्या घरात अंग चोरून बसावं लागेल. गाडीत मी पाय पसरून बसायचो."



तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकटं बसायचं असेल, तर ते कुठे जातं? विचारून बघा आणि इथे सांगा.