फोटोतला ट्राउट

माझ्या सहस्रचंद्रदर्शनाच्या स्लाइड शोमध्ये पहिला फोटो ट्राउट माशाचाच हवा, असं धाकट्या भावाने नागपुरातून फर्मान काढलं, तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. चहा करतो आणि प्यायचा विसरतो.

फोटोत मी मिशिगनमधल्या एका नदीत मांड्यांपर्यंत पाण्यात उभा आहे. डोक्याला माकडटोपी, हातात ठिपक्याठिपक्यांचा हातभर मासा. नातेवाइकांत हा फोटो गाजलेला आहे. त्याची खरी हकिगत कुणाला ठाऊक नाही, मला आणि माझ्या मुलाला सोडून.

जानेवारी होता. मुलगा मला ॲन आर्बरहून उत्तरेला घेऊन गेला. पिसं आणि दोरा गुंडाळून गळाची खोटी माशी करायची, ती पाण्यावर अलगद टाकायची, हा त्याचा कॉलेजपासूनचा नाद. गळाच्या काठीवर दोरी ओवायच्या कड्यांत बर्फ साचायचा. तो काठी पाण्यात बुडवून बर्फ काढायचा आणि पुन्हा गळ टाकायचा. मी मात्र कधी या पायावर, कधी त्या पायावर.

"अजून किती वेळ रे?"

"बाबा, एका जागी उभा राहा ना. तुझ्या हालचालीनेच पळतील सगळे."

शेवटी लागला. त्यानेच ओढत जाळीत घेतला. म्हणाला, "हातमोजे काढ, हात ओले कर आणि पाण्यातच धर. या हवेत त्याचे कल्ले गोठतात."

मी ऐकलं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे आमचा फॅमिली ग्रुप होता. लोकरीच्या हातमोज्यांनीच मासा वर उचलला.

"काढ फोटो."

"बाबा, पुरे. खाली घे."

"टोपी डोळ्यांवर आली होती. अजून एक. आता आडवा."

बाप सांगतोय म्हणून त्याने काढले. मग माझा फोन माझ्या खिशात टाकून, कल्ल्यांत पाणी जावं म्हणून उघड्या हातांनी मासा प्रवाहाकडे तोंड करून धरला. मासा उलटा झाला, पोट वर. तरीही मुलगा त्याला धरूनच बसला होता. बोटं लालभडक झाली, तेव्हा कुठे सोडला. नदीच्या त्या भागातला मासा घरी नेता येत नाही, मेलेलाही नाही.

गाडीत हीटरपुढे हात शेकून मी ग्रुपवर फोटो पाठवला. लगेच भाऊ: "दादा, तळला की कालवण?"

मी लिहिलं, "छे! मीच पकडला, मीच सोडला. शेपटी हलवत गेला."

मग काय! मोठं मन दादांचं, या वयात काय हौस, वगैरे. मुलगाही त्याच ग्रुपमध्ये आहे. पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा त्याने सगळं वाचलं, फोन उलटा ठेवला आणि गाडी सुरू केली. पुढे तो दर हिवाळ्यात जात राहिला. मला परत कधी विचारलं नाही.

परवा भावाला फोन करून खरं सांगितलं. तो हसत सुटला. "दादा, एका माशाचं काय घेऊन बसलास! आम्ही दर रविवारी खातो. फोटो झकास आहे, राहू दे."

मला माशाचं नव्हतंच सांगायचं. म्हणजे माशाचंही होतं. पण मुलाच्या देखत मी त्याचा मासा माझा केला होता.

काल मुलगा लॅपटॉपवर स्लाइड्स लावत होता. मी दोनदा आत-बाहेर केलं आणि शेवटी म्हणालो, "तो मासा तू पकडला होतास. माझ्या हातात मेला."

"आय नो, बाबा. मी होतो तिथे."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"तू एवढा खूश होतास..." त्याने फोटोवर बोट ठेवलं. "डिलीट करू?"

"नको. तो पडद्यावर आला की मी उठून हेच सगळ्यांना सांगणार आहे. काकालाही, पुन्हा."

त्याने फोटो ओढून पहिल्या स्लाइडवर नेला.

"बरं," तो म्हणाला. "तेव्हा तरी एका जागी उभा राहा."