न दिसलेले दिवे

मी डोळ्यांच्या तपासणीत कॉपी केली. तीही शेजारी कोणी बसलेलं नसताना. त्याला वेगळीच अक्कल लागते.

पनवेलच्या त्या धर्मादाय रुग्णालयात, अर्धवट काळोख्या खोलीत मला घमेल्यासारख्या एका पांढऱ्या यंत्रात तोंड घालून बसवलं होतं. उजवा डोळा झाकलेला, हातात बटण. मधल्या ठिपक्यावर नजर ठेवायची आणि कडेला कुठेही बारीक दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. सुरुवातीला भराभर दिसले. मग बराच वेळ काहीच नाही. मग दहावीच्या गणिताच्या पेपरात करायचो तसं मी अंदाजाने दाबत सुटलो.

"काका," यंत्रावरच्या ताई म्हणाल्या, "हे यंत्र मधेमधे मुद्दाम दिवा लावत नाही. तेव्हाही तुम्ही दाबलंत."

"जास्त दिसलं तर बरंच की!"

त्या हसल्या नाहीत. "पुन्हा करावं लागेल. जरा बाहेर बसा."

बाहेर बायको होती. "काय झालं?"

"यंत्राची गडबड आहे जरा."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि पदराने कपाळ पुसलं. माझं नाही, स्वतःचं.

तसा या रुग्णालयाशी माझा संबंध जुना. कळंबोलीच्या लोखंड बाजारात मी ज्या पेढीवर हिशेब लिहितो, तिथल्या गल्ल्याशेजारी यांच्या ट्रस्टचा देणगीचा डबा असतो. डोळ्यांच्या आणि कानांच्या रोगांवर संशोधन चालतं, त्यासाठीचा. येणाऱ्या-जाणाऱ्यापुढे मी तो खुळखुळवायचो. "टाका शेठ, पुढच्या पिढीची नजर वाचेल!" यंदा ट्रस्टने डबेवाल्या दुकानांतल्या सगळ्यांना तपासणीला बोलावलं. मी चहा-बिस्किटांसाठी गेलो. डाव्या डोळ्याचा दाब वाढलेला निघाला, म्हणून आज हे यंत्र.

"घरात कुणाला काचबिंदू?" डॉक्टरीणबाईंनी सकाळी विचारलं होतं.

"छे."

"आणि बाबा?" बायको म्हणाली. माझे बाबा शेवटी शेवटी तांब्यातलं पाणी भांड्याबाहेर ओतायचे. आम्ही सगळे म्हणायचो, वय झालं.

दुसऱ्यांदा आत गेलो तेव्हा ठरवलं, दिसेल तेवढंच दाबायचं. दिवे दिसले, दाबले. मग थांबलो. यंत्र बारीक घरघरत होतं. मी वाट बघत राहिलो. बटणावरचा अंगठा घामाने घसरायला लागला.

"ताई, आता दिवे लागत नाहीयेत ना?" शेवटी मी विचारलं.

"लागतायत काका," त्या हळूच म्हणाल्या. "समोरच बघा."

डॉक्टरीणबाईंनी कागदावरचा काळा पट्टा दाखवला. काचबिंदूच होता. गेलं ते परत येणार नाही. रोज थेंब घातले तर उरलेलं टिकवता येईल. मग म्हणाल्या, "हा रोग घराण्यात कसा उतरतो, यावर आमचं संशोधन चाललंय, ट्रस्टच्याच पैशांतून. तुमचं रक्त द्याल? मुलं किती?"

"एकच मुलगी."

"तिलाही आणा. तिच्यात असेल आणि आत्ताच सापडलं, तर नजर वाचेल."

रक्त मी लगेच दिलं, हात पुढे करून, जणू दानशूरच. मुलीचा विषय मात्र गिळून टाकला. तिचं लग्न ठरलेलं होतं, हॉल धरलेला होता.

व्हरांड्यात आल्यावर बायकोला म्हणालो, "आधी अक्षता पडू देत. मग आणू तिला, गाजावाजा न करता. सोयऱ्यांच्या कानावर गेलं तर?"

"आणि तोवर तिचा डोळा थांबेल का?"

"दोन-चार महिन्यांनी काय होतंय!"

"ते तुम्हाला कसं कळणार? तुमचा कधी गेला ते कळलं होतं?"

ती फोन घेऊन जिन्याकडे गेली. माझ्या डोळ्यांत तपासणीचे थेंब घातलेले, समोर सगळं धुरकट. ती बोलताना हात हलवत होती एवढं कळत होतं; फोनवर पलीकडे मुलगी आहे की व्याही, ते कळत नव्हतं. एकदा तिचा हात हवेतच थांबला. मग बराच वेळ ती नुसती ऐकत उभी. लग्न मोडलं, असं मी मनाशी धरूनही टाकलं.

ती आली, शेजारी बसली, फोन पर्समध्ये टाकला.

"जावयांनाच केला फोन," ती म्हणाली. "सगळं सांगितलं. म्हटलं, पहिल्या भेटीत तुम्ही म्हणालात ना, हिचे डोळे आवडले म्हणून? मग आतूनही बघून घ्या. शनिवारी दोघं येतायत."