पत्र्यातला पाहुणा

मी शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळे चंद्रावर हवा नाही हे मला कुणी येऊन सांगायची गरज नाही. तरी लोक सांगतात. रविवारी दुपारी मी परग्रहावरच्या लोकांचे जुने, स्वस्तातले, काळेपांढरे पिक्चर लावून बसले की मागून कुणीतरी बोलतंच, "मॅडम, तुम्ही आणि हे?" हो, मी आणि हे. रॉकेट दोऱ्याला लटकलंय आणि दोरा दिसतोय. मंगळावरच्या राक्षसाच्या पाठीला चेन आहे, तीही दिसते. कप्तानासमोरच्या यंत्राची बटणं गॅसच्या शेगडीची आहेत. डोंगर एकच आहे, डावीकडून दाखवला की मंगळ आणि उजवीकडून दाखवला की शुक्र. मला डोळे आहेत, सगळं दिसतं.

पण त्या राक्षसाच्या आत जो माणूस आहे ना, तो एकदाही हसत नाही. डोक्याला जर्मनचं पातेलं बांधून उभा असलेला शास्त्रज्ञ "पृथ्वी धोक्यात आहे" म्हणतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर खरी काळजी असते. मला त्या लोकांचा फार आदर वाटतो. मोठ्या खर्चाच्या पिक्चरमध्ये सगळं हुबेहूब असतं आणि मला झोप येते. इथे कुणीतरी रात्रंदिवस बसून पुठ्ठा कापलाय, चिकटवलाय, रंगवलाय, आणि तो वाकडा झाला तरी पुढे केलाय. नावं ठेवणाऱ्यांनी आधी एक पुठ्ठा सरळ कापून दाखवावा, मग बोलावं.

हे वेड मला मामानं लावलं. मामा म्हणजे माझ्या मायचा धाकटा भाऊ, तिचा एकुलता एक. कामठ्याजवळच्या गावात त्याची धानाची शेती, आणि जोडीला लग्नाचं व्हिडिओ शूटिंग. टीव्ही आणि व्हीसीआरसुद्धा भाड्यानं द्यायचा. गोंदियाच्या कॅसेटवाल्याकडे ज्या इंग्रजी कॅसेटला कुणी हात लावत नसे, त्या तो मामाच्या पिशवीत टाकून द्यायचा. त्यातच हे सगळे राक्षस मामाच्या गावात आले.

इंग्रजी आमच्यापैकी कुणालाच येत नव्हतं. मामा टीव्हीशेजारी उभा राहून अर्थ सांगायचा, म्हणजे स्वतःच्या मनानं. "हा मंगळाचा पाटील होय. हा म्हणते, तुमच्याकडं पाणी आहे, आमच्याकडं थेंब नाही. आता नेल्याबिगर जात नाही." पडद्यावर गोरी बाई किंचाळली की मामा बारीक आवाज काढून म्हणायचा, "काऊन आले बापा तुम्ही? आमचं धानाचं रोवणं व्हायचं आहे अजून!" पुढे त्यातला एक पिक्चर मी नीट समजून पाहिला. मामाची गोष्ट जास्त चांगली होती.

मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा मामानं जाहीर केलं की आता आपणही असा पिक्चर काढायचा. चंद्रावरचा माणूस धानाच्या बांधीत उतरतो, गावावर चाल करून येतो आणि सगळ्यांची घाबरगुंडी उडते, अशी कथा. मी म्हटलं, "मामा, चंद्रावर हवा नाही, तिथं माणूस जगूच शकत नाही." मामा म्हणाला, "म्हणून तं तो इकडं येऊन राहिला ना!"  

यान म्हणजे धान साठवायची बांबूची ढोली. तिला चमकीचा कागद चिकटवला आणि चिंचेच्या फांदीवरून दोरानं खाली सोडली. चंद्रावरचा माणूस मामा स्वतःच झाला. अंगावर तेलाचे पिपे कापून केलेलं चिलखत, हातापायांत राइस मिलच्या भंगारातले पाइप, आणि डोक्यावर अख्खा पिपा, त्याला डोळ्यांपुरत्या दोन चिरा. कॅमेरा त्याच्या मित्राच्या हातात. शेतकऱ्याच्या बायकोचं काम करायला गावातली एक बाई तयार होईना, म्हणून मामानं मायला, म्हणजे स्वतःच्या थोरल्या बहिणीला, गोंदियाहून बोलावून घेतलं.

तिचं काम एवढंसं होतं. चंद्रावरचा माणूस अंगणात येतो, तिनं त्याला पाहायचं, मोठ्यानं ओरडायचं आणि शेताकडं पळायचं. मामानं तीनदा समजावलं. तीही तीनदा "हो रे बापा" म्हणाली.

दसऱ्यानंतरचं कडक ऊन होतं. मामा खणखण वाजत अंगणात आला आणि पायरीपाशी थांबला. माय दारात होती. तिनं त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं, वळली आणि आत गेली. आम्हाला वाटलं, पळायची दिशा चुकली. ती पाण्यानं भरलेला गडवा घेऊन बाहेर आली. आमच्याकडं दारात कुणीही आलं, अगदी भांडायला आलं तरी, आधी पाण्याचा गडवा पुढे होतो आणि मग बोलणं. "डोक्स्यावरचं काढ अन् पाणी पे," ती म्हणाली. चंद्रावरचा माणूस हलेना. तेव्हा तिनंच त्याच्या डोक्यावरचा पिपा उचलून खाली ठेवला, त्याला पाणी पाजलं, पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि पिपा पुन्हा डोक्यावर बसवून दिला. मग कॅमेऱ्याकडं तोंड करून तिनं विचारलं, "आता ओरडू का?"

आणि ओरडली. असली ओरडली की शेजारचे लोक काठ्या घेऊन धावत आले. मग पळालीसुद्धा.

कॅसेट तेवढी एकच होती आणि ती तिथेच संपली. पुन्हा शूट करायची सोय नव्हती. मामानं ती न पाहता तशीच नागपूरला मिक्सिंग करणाऱ्याला देऊन टाकली, आणि त्याच्याकडं फक्त लग्नाचे इफेक्ट होते. त्यामुळे पडद्यावर लाल गुलाब उमलतो आणि त्यातून चंद्रावरचा माणूस बाहेर येतो. तो गावावर चाल करतो तेव्हा चारही बाजूंनी बदामाच्या आकाराची चौकट असते. सुरुवातीला कुणाच्या तरी लग्नाची पंगत आहे, ती पुसायची राहून गेली. बुंदी वाढणारा माणूस वळतो आणि पुढच्या क्षणी चंद्र. मला सांगा, हे कुणाला मुद्दाम सुचलं असतं का?

दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली. दुपारी, मैदानावर नाटकाचा पडदा उभा राहायच्या आधी, टेबलावर टीव्ही ठेवून मामानं आपला पिक्चर दाखवला. लोक चिडीचूप बसले होते. मामा मागे उभा होता, हाताची घडी घालून. गुलाबाला कुणी हसलं नाही, ढोलीला नाही, पंगतीलाही नाही. माय गडवा घेऊन बाहेर आली आणि पहिला हशा पिकला. "आता ओरडू का?" झालं आणि लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडले. कुणीतरी मामाला ओरडून म्हणालं, "चंद्रावाल्या, पाणी पे!"

मामाचा चेहरा मला अजून दिसतो. त्याला लोकांना घाबरवायचं होतं. दोन महिने तो त्या पत्र्यांत राबला होता. तो सगळ्यांसमोर मायवर धावला, "अडाणी बाईले घेतलं तेच चुकलं मायं! पिक्चरचं वाटोळं केलं तुनं!" माय उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "तुया दारात आता पाय ठेवला तं नावाची नाही." आणि चालायला लागली.

मनात गाठ बसली ती बसलीच. तीस वर्षं होत आली. मामानं कॅमेरा विकला, निव्वळ शेती धरली. लग्नाकार्यात दोघं मांडवाच्या दोन टोकांना बसत. माझे वडील गेले तेव्हा मामा आला, स्मशानातून परस्पर गेला. भाऊबीजेचं तर विचारूच नका. ज्या बाईला भाऊ नाही ती त्या दिवशी चंद्राला ओवाळते. माझी माय भाऊ जिवंत असताना, आठ मैलांवर असताना, दर वर्षी अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळायची. कुणी टोकलंच तर म्हणायची, "तिथूनच आला होता ना तो? मंग तिथंच ओवाळतो."

हसायची म्हणताना. पण आता ती पंच्याहत्तरीची झाली आणि मामा सत्तरीचा. दोघांतलं एक गेलं की उरलेलं ऊर बडवून रडणार हे मला स्वच्छ दिसत होतं. मला ते रडणं नको होतं. जे काय व्हायचं ते दोघं असताना व्हावं, एवढंच माझं म्हणणं होतं. पण मध्ये पडले की दोन्हीकडून मलाच शिव्या.

गेल्या दिवाळीत साफसफाई करताना मायच्या पेटीत तळाशी खणाच्या कापडात गुंडाळलेली कॅसेट सापडली. मामानं मंडईच्या दिवशीच ती उकिरड्यावर फेकली होती. हिनं कधी उचलली कोण जाणे. "फेकून दे तं," ती म्हणाली. पण दिली मात्र दोन्ही हातांनी. मी ती गोंदियातल्या एका दुकानात नेली, जिथं जुन्या लग्नाच्या कॅसेट पेनड्राइव्हवर करून देतात. दुकानदार म्हणाला, "मॅडम, फंगस है. जितना बचेगा उतना बचेगा." आणि बरंच वाचलं.

घरी एकटीनं लावून पाहिलं. खूप हसले, मग थोडी रडले. मग पुन्हा लावलं, कारण असले पिक्चर मी एकदा पाहून सोडत नाही. तिसऱ्या वेळी मला मामाचे पाय दिसले. पायरीपाशी थांबल्यावर ते पाइप थरथरत होते. आधी वाटलं, वा, काय अभिनय आहे! पण हात बघितला तर तो खांब चाचपत होता आणि खांब काही सापडत नव्हता. हा अभिनय नव्हता. माणूस पडायला आला होता.

मी तडक स्वयंपाकघरात गेले. "माय, तू त्याला पाणी काऊन पाजलं?"

"मंग काय करू? पत्र्यात शिजून राहिला होता तो. सकाळपासून पोटात दाणा नव्हता त्याच्या. पडला असता तं?"

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"त्यानं इचारलं का? अडाणी म्हणून मोकळा झाला." आणि ती पोळी उलटवायला लागली.

तीस वर्षं! एका वाक्यासाठी! दोघं एकाच माळेचे मणी. मला असा संताप आला की मी दुसऱ्याच दिवशी लॅपटॉप स्कूटीला अडकवला आणि मामाचं गाव गाठलं. मामा अंगणात विळ्यांना धार लावत होता. लॅपटॉप पाहून म्हणाला, "कायले आणलं हे? पुन्हा हसं करायले?"

"पाय पाहा," मी म्हटलं. "दुसरं काही पाहू नका."

पिप्याच्या त्या दोन चिरांतून त्याला तेव्हा काही धड दिसलंच नव्हतं, आणि मंडईत त्यानं फक्त हसणं ऐकलं होतं. आता त्यानं पाहिलं. थांबवायला लावलं, मागे घ्यायला लावलं, पुन्हा पाहिलं. "हे पाय माये होत?" त्यानं विचारलं. मी मायचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. मामानं विळ्याच्या धारेवरून अंगठा फिरवला. मग उठला. "कापणी आहे," म्हणाला आणि शेताकडं निघून गेला. परतताना मी रस्ताभर त्याला शिव्या घातल्या. घरी मायला एक अक्षर सांगितलं नाही.

भाऊबीजेला दिवस मावळता मावळता माय नेहमीसारखं ताट घेऊन अंगणात उभी राहिली. चंद्राची बारीक कोर दिसायला लागली होती. तिनं निरांजन लावलं तेवढ्यात फाटकापाशी मोटरसायकल थांबली. एक माणूस उतरला. डोक्यावर भलंमोठं काळ्या काचेचं हेल्मेट. फाटक उघडून दोन पावलं आत आला आणि उभा राहिला. पुढे येईना, हेल्मेट काढेना. पण उभं राहायची ढब मी ओळखली. आठवडाभरात ती मी वीसदा पाहिली होती.

मायनंही ओळखली. तिनं ताट तुळशीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि पाठ फिरवून आत गेली.  संपलं, आता ही दार लावून घेणार.

ती पाण्यानं भरलेला गडवा घेऊन बाहेर आली.

"डोक्स्यावरचं काढ अन् पाणी पे."

मामानं हात वर नेले, पण हनुवटीखालचा पट्टा काही सुटेना. शेवटी तिनंच तो सोडवला आणि हेल्मेट उतरवलं. आत माणूस पार भिजला होता, डोळे, गाल, मिशा, सगळं. तिनं त्याला पाणी पाजलं. पदरानं तोंड पुसलं, लहान पोराचं पुसावं तसं, जरा जोरानंच. मग हेल्मेट काखेत धरून त्याच्याकडं पाहिलं आणि विचारलं,

"आता ओरडू का?"