बंदुकीच्या नळीतलं मीठ

आमच्या थोरल्या दिरांना वरची चमक तेवढी कळते. बुटांना रोज पॉलिश, मोजे मात्र आठवड्याला एकदा धुतलेले. सासरे गेले आणि त्यांची ठासणीची बंदूक लायसनसकट या माणसाच्या हातात आली. खुलताबादकडच्या आमच्या मक्यात रानडुकरं शिरली की दीर बार काढायला जायचे, आणि शहरातल्या घरी परतले की सफाईचा सोहळा मांडायचे. नळीला बाहेरून लिंबू घासायचं, वर खोबरेल तेल चोळायचं. आत साधं फडकंसुद्धा फिरवायचं नाही. वरून कीर्तन, आतून तमाशा.

सासऱ्यांनी हे काम मला शिकवलं होतं, कारण उकळतं पाणी माझ्या चुलीवर असायचं. नळीत भांड्याच्या साबणाचं पाणी ओतायचं, गजाला फडकं गुंडाळून घासायचं, पाणी नितळ निघेपर्यंत. मग नुसतं उकळतं पाणी, म्हणजे तापलेली नळी आपोआप सुकते. शेवटी शिलाई मशीनचं तेल. "पोरी, लोखंडाला पाणी नाय मारत," ते सांगायचे. "बार काढला की आत काळी राख ऱ्हाती. ती मिठावानी ओल धरती, ती मारती."

हे मी एकदा दिरांना सांगितलं. "लोखंडाला पाणी? तुमचं डोकं भांड्यांपुरतं ठेवा," म्हणाले आणि स्वतःच हसले.

मग दोन वर्षं, ते दुपारी घोरायला लागले की मी गुपचूप नळी धुवायची. दसऱ्याला पूजेच्या पाटावर बंदूक ठेवून दीर पाहुण्यांना सांगायचे, "लई काय करावं लागत नाय. लिंबू अन् खोबरेल." गेल्या दसऱ्याला तर त्यांनी त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून नातेवाइकांना पाठवला. माझं डोकं सणकलं. म्हटलं, आता बघूच तुमचं लिंबू किती पुरतं ते. त्यानंतर त्यांनी किती बार काढले तरी मी नळीत थेंबभर पाणी घातलं नाही.

यंदा दसऱ्याआधी दिरांनी बार ठासायला घातलेला गज नळीत अर्ध्यावर अडकला. दीर बंदूक घेऊन शहागंजातल्या म्हाताऱ्या कारागिराकडे निघाले, तेव्हा मीही ब्लाउजपीसचं निमित्त काढून सोबत गेले. चार माणसांत त्यांचं नाक कापलेलं मला डोळ्यांनी बघायचं होतं.

म्हाताऱ्यानं खटपट करून गज काढला आणि आत बॅटरी मारली. "अंदर से पूरी सड गई, साहब. आपके वालिद लाते थे तब आईना थी. धोए नहीं क्या?"

मी दिरांच्या तोंडाकडे बघत राहिले. तिथं काहीच हललं नाही. "जुनं लोखंड, कधी ना कधी जाणारच," ते म्हणाले. "दिवाणखान्यात भिंतीवर लावू. वरून तर चकाचक हाय ना?" आणि खिशातला रुमाल काढून ते बंदुकीचा लाकडी दस्ता पुसायला लागले.

"काहीच नाही का करता येणार?" मी कारागिराला विचारलं. त्यानं नकारार्थी मान हलवली.

मला तिथंच रडू फुटलं. ज्याला लाजच नाही त्याला लाजवायला मी सासऱ्यांची बंदूक सडू दिली होती.